आपली मुले शाळेत काय शिकतात?

(तेल्हारा येथे जुबिलीनिमित्त केलेले भाषण)



जुबिली म्हणजे देवाने केलेल्या उपकारांचे स्मरण होय. अशा प्रसंगी मंदिर केव्हा उभे राहिले, बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, याचा हिशेब वाचून दाखविण्याची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु ज्या मुलांचे बाप्तिस्मे आपण मोजले ती मुले पुढे काय शिकली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणून या शुभ दिवशी आपण थोडा वेळ पहिली ते पाचवीच्या वर्गांत जाऊन बसावे आणि कॅथलिक शाळेत आपली लहान मुले काय शिकतात, व जे शिकतात त्यातील त्यांचे स्वतःचे होऊन राहते ते किती, याचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ती काय शिकतात ते पाहू. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते व दहा-अकरा वर्षांचे झाले म्हणजे पाचवी ओलांडते. या पाच वर्षांत त्याच्या पदरात तीन गोष्टी पडावयाच्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे वाचणे, लिहिणे व मोजणे. शाळा मराठी माध्यमाची असो की इंग्रजी, दोन्ही भाषा तेथे असतातच. २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळाने केलेल्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भोवतालच्या जगाची ओळख. पाणी, पीक, ऋतू, नकाशा, गावचा कारभार, आपल्या थोर पुरुषांची चरित्रे हे सर्व यात येते. सातपुडा आपल्या उत्तरेस का दिसतो, वान नदी डोंगरातून उतरून पूर्णेस कशी मिळते, आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागूनही ते पिकाला का देता येत नाही, हे तेल्हाऱ्याच्या मुलाने परिसर अभ्यासात शिकावयाचे धडे आहेत.

तिसरी गोष्ट धर्म व नीती यांची. कॅथलिक शाळेत कॅथलिक मुलांस धर्मशिक्षण दिले जाते. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सात संस्कार, आणि मग पापनिवेदन व प्रथम ख्रिस्तप्रसाद यांची तयारी, असा हा क्रम आहे. इतर धर्मांच्या मुलांसाठी त्या वेळात नीतिपाठ असतात. शासनमान्य अथवा अनुदानित शाळेतील अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदात सांगितले आहे. हे योग्यच आहे; कारण श्रद्धा ही देणगी आहे, ती कोणावर लादावयाची वस्तू नव्हे.

बंधुभगिनींनो, ही यादी ऐकून कोणासही संतोष वाटेल. परंतु यादीत असणे आणि मुलाच्या मनात असणे यांमध्ये अंतर आहे. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाच्या एका अधिकाऱ्याची कथा आहे. तो रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचीत चालला होता. फिलिप धावत त्याच्याजवळ गेला आणि त्याने एकच गोष्ट विचारली, की जे वाचीत आहात ते आपणास समजते काय? तो अधिकारी विद्वान होता, वाचन शुद्ध होते, ग्रंथ पवित्र होता. तरी त्याने कोणी उलगडून सांगितल्यावाचून समजणार नाही असे प्रांजळपणे सांगितले. फिलिपाचा हा प्रश्न आपण आपल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांजवळ उभे राहून विचारला पाहिजे.

तो का विचारला पाहिजे, ते सांगतो. २०२४ साली ‘असर’ नावाची जी पाहणी ग्रामीण भारतात घरोघर झाली, तीत तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा नीट वाचता आला. आणि पाचवीच्या मुलांतही हे प्रमाण निम्म्याच्या आतच राहिले. ही पाहणी सर्व प्रकारच्या शाळांत जाणाऱ्या मुलांची आहे, केवळ कोणा एका शाळेची नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले, व २०२१ साली तिसरीपर्यंतच्या वाचन-गणनासाठी ‘निपुण भारत’ हा उपक्रम सुरू झाला, त्याचे कारणही हेच. मूल वर्गात बसते, पुस्तक उघडते, तोंडाने म्हणते; परंतु अर्थ मागे राहतो.

एक लहानसे उदाहरण घ्या. इंग्रजीत एकविसाचा आकडा म्हणताना आधी वीस येतात व मग एक येतो. मराठीत आधी एक येतो व मग वीस. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक उणा, हे तर मोठी माणसेही क्षणभर थांबून सांगतात. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचण्याची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उठला. त्या वादात कोणाची बाजू खरी हे सांगण्याचे येथे कारण नाही. परंतु जे मूल वर्गात ‘सिक्स्टी नाइन’ म्हणते आणि किराणा दुकानात ‘एकोणसत्तर रुपये’ ऐकून गोंधळते, त्याचे गणित वहीतच राहिले असे म्हणावे लागेल. बाजार समितीत बापाच्या कापसाची मापे पडत असता ज्याला तो हिशेब आईच्या भाषेत करता येत नाही, त्या मुलाच्या शिक्षणाचा घरास काय आधार?

जी गोष्ट आकड्यांची, तीच प्रार्थनेची. इंग्रजी माध्यमात शिकणारी पुष्कळ मुले सकाळच्या सभेत इंग्रजी प्रार्थना सुरेख म्हणतात. घरी आजी मराठीत जपमाळ म्हणते. मंदिरात मिस्सा मराठीत होते. मूल या तिन्हींच्या मध्ये उभे असते, आणि शाळेत म्हटलेली प्रार्थना व आजीची प्रार्थना एकच आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पाठ झालेले शब्द काही वर्षांनी विसरतात. समजलेली गोष्ट मात्र विसरत नाही. हे मूल मोठे होऊन पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला गेले, आणि शेजारच्या मित्राने त्यास सहज विचारले, की तुमचा नाताळ म्हणजे काय, तुम्ही क्रुसापुढे हात का जोडता, तर ते काय सांगेल? ज्याला आपली श्रद्धा आपल्या भाषेत सांगता येत नाही, त्याच्याजवळ ती किती दिवस राहील? ही आमची खरी चिंता आहे, आणि जुबिलीच्या दिवशी ती बोलून दाखविण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

यावरून आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. इंग्रजीने आपल्या अनेक गरीब घरांतील मुलामुलींना पोट भरण्याचे साधन दिले, परिचारिका केले, शिक्षक केले, दूरदेशी पाठविले. ती विद्या मिळालीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की दुसरी भाषा घराच्या माडीसारखी आहे; तळमजला पक्का असेल तर माडी शोभते. तळमजला न बांधता माडी चढविण्याचा प्रयत्न केला, तर मूल दोन्ही भाषांत अर्धवट राहते, आणि त्या अर्धवटपणाचे दुःख त्यालाच जन्मभर सोसावे लागते.

हे काही आम्ही नव्याने सांगत नाही. ख्रिस्तसभेच्या थोर गुरूंनी आपल्या आचरणाने हेच शिकविले आहे. आपल्या विदर्भात ज्यांनी श्रद्धेचे बी पेरले ते संत फ्रान्सिस द सालचे मिशनरी. त्यांचा संघ १८३८ साली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतानजीक आनसी येथे फादर पिएर मेर्मिए यांनी स्थापिला, आणि १८४५ साली त्यांतील पहिले धर्मगुरू हिंदुस्थानात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरुस्वामी जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हेही याच संघाचे होते. ज्यांचे नाव हा संघ धारण करतो ते संत फ्रान्सिस द साल स्वतः लहान मुलांचे धर्मशिक्षक होते. महागुरुस्वामी असूनही ते आनसीत मुलांना जमवून स्वतः धर्मपाठ देत. त्यांना मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण भेटला. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तर त्यास धर्म काय शिकविणार, असे लोकांना वाटे. संत फ्रान्सिस यांनी त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले, खुणांची भाषा योजिली, हळूहळू देवाचे ज्ञान करून दिले आणि त्यास ख्रिस्तप्रसादाचा लाभ दिला. म्हणूनच ते आज मूकबधिरांचे आश्रयदाते मानले जातात. शिष्याजवळ जी भाषा आहे त्या भाषेपर्यंत गुरूने उतरावे, हा धडा आपल्या धर्मप्रांताच्या आध्यात्मिक पूर्वजाचा आहे.

आपल्या मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर याहून जवळचे उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील लोकांची भाषा नुसती शिकली नाही, तर तिच्यावर जीव लावला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी प्रसंग आहे तो आपल्या विषयाशी नेमका जुळतो. रविवारी ख्रिस्ती सिद्धान्ताचे शिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंस म्हणतो, की आम्हांस सिद्धान्त शिकविता हे उत्तम आहे, परंतु पूर्वी जशी पुराणे ऐकत होतो तशी आपल्या धर्माची कथा आमच्या भाषेत असती तर फार बरे होते. ती मागणी रास्त होती, आणि स्टीफन्स यांनी ती पुरी केली. ज्या इंग्रजाची मातृभाषा आज आपण मुलांसाठी शोधीत फिरतो, त्याने चारशे वर्षांपूर्वी मराठीचे गोडवे गाइले, ही गोष्ट आपण विसरू नये. पुढे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, आणि १९५५ साली वसईकडे ‘सुवार्ता’ निघाले, तेही याच परंपरेतील होय.

आणि धर्माच्या बाहेर पाहिले तरी आपल्या वऱ्हाडानेच याचा दाखला दिला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा कीर्तनास उभे राहिले म्हणजे ग्रंथांचे दाखले देत बसत नसत. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत, लोक उत्तरे देत, आणि उत्तर देता देता आपली चूक आपणच ओळखीत. एक वेळ हालात काढा, पण लेकरांना शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश घरोघर पोहोचला, कारण तो घरच्या बोलीत होता आणि लोकांच्या तोंडूनच निघाला होता. प्रश्न विचारून शिकविण्याची हीच रीत आपल्या धर्मपाठाच्या प्रश्नोत्तरांचीही आहे. भेद एवढाच, की गाडगेबाबांच्या प्रश्नाचे उत्तर श्रोता स्वतः विचार करून देई. आपल्या मुलांचे उत्तर मात्र पुष्कळदा पुस्तकातून पाठ केलेले असते.

तर मग करावे काय? काही पालक म्हणतील, की हे काम शाळेचे. शाळेने ते करावे यात वाद नाही. वर्गात मुलाला प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी; इंग्रजी धडा झाल्यावर त्याचा सारांश मुलाने मराठीत सांगावा; धर्मपाठ कॅथलिक मुलांस त्यांच्या घरच्या भाषेत समजावून द्यावा; आणि ज्याच्या घरी कोरकू अथवा अन्य भाषा बोलतात, त्या मुलास मराठीही परकीच आहे हे शिक्षकाने जाणावे. परंतु ख्रिस्तसभा या प्रश्नाचे उत्तर शाळेवर थांबवीत नाही. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १९२९ साली, व पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या आपल्या घोषणेत, मुलांना शिक्षण देण्याचा पहिला हक्क व पहिले कर्तव्य मातापितरांचे आहे असे स्पष्ट सांगितले. शाळा त्यांच्या साहाय्यास आहे, त्यांच्या जागी नाही.

येथे आमच्यासमोर बसलेल्या काही माता मनात म्हणत असतील, की आम्ही दिवसभर निंदणीला, कापूस वेचायला जातो, आम्हांस नीट वाचता येत नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. आम्ही मुलांस काय शिकविणार? त्यांस आम्ही आदराने सांगतो, की आम्ही जे मागणार आहोत त्यास अक्षरओळख लागत नाही. रात्रीच्या भाकरीनंतर दहा मिनिटे काढावीत आणि मुलास जवळ घेऊन म्हणावे, आज शाळेत काय शिकला, ते सांग बरं. एवढेच. मग ऐकावे. मूल अडखळले तर रागावू नये. पुढे काय झाले, असे का झाले, एवढेच विचारावे. ज्या मुलास आपला धडा आपल्या आईस तिच्या भाषेत सांगावा लागतो, त्याला तो आधी समजून घ्यावाच लागतो. त्या क्षणी मूल शिक्षक होते आणि न शिकलेली माता त्याची परीक्षक होते. आणि याहून कसोटीची परीक्षा कोणत्याही शाळेत होत नाही.

धर्मपाठाचेही तसेच करावे. आज शुभवर्तमानातील कोणती गोष्ट ऐकली, ती सांग. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मुलाने सांगितली, तर आपल्या कळपातील शेळी मेळघाटाच्या रानात हरवली तर बाबा काय करतील, असे त्यास विचारावे. मग त्या दृष्टान्ताचा अर्थ त्यास कोणी सांगावा लागणार नाही. परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांस सुमारे सातव्या वर्षी ख्रिस्तप्रसाद देण्याची मोकळीक केली, तेव्हा त्यांनी मुलापासून मोठ्या पांडित्याची अपेक्षा धरली नाही; साधी भाकर आणि ख्रिस्ताचे शरीर यांतील भेद मुलास कळावा, आणि त्याने आपल्या वयाच्या मानाने भक्तिभावाने जवळ यावे, एवढेच मागितले. हा भेद मुलास कोणत्या भाषेत कळेल? ज्या भाषेत त्याची आई त्याला भाकर वाढते त्याच भाषेत.

धर्मग्रामानेही आपला वाटा उचलावा. मिस्सेनंतर मुलांस पुढे बोलावून त्या दिवशीच्या शुभवर्तमानाचा अर्थ एकदोघांनी मराठीत सांगावा, अशी वहिवाट पडावी. मंदिराजवळ मराठी बायबल, संतांची चरित्रे व मराठी ख्रिस्ती मासिके यांचे एखादे कपाट असावे, आणि त्याची किल्ली मुलांच्या हाती असावी. आपल्या शाळेत आपली मुले संख्येने थोडी आहेत. त्यांच्या शेजारच्या बाकावर हिंदू, बौद्ध, मुसलमान बांधवांची मुले बसतात. त्यांच्यापुढे धर्माचा वाद करण्याचे प्रयोजन नाही. परंतु आपले मूल खरे बोलते, हरवलेली वस्तू परत करते, दुबळ्या सोबत्याचा कैवार घेते, आणि कोणी विचारल्यास आपण तसे का वागतो हे दोन साध्या मराठी वाक्यांत सांगते, तर कॅथलिक शाळेने आपले काम केले, असे आम्ही समजू.

मुलांच्या प्रश्नांस मात्र कोणी गप्प बसवू नये, ही शेवटची विनंती. बारा वर्षांचा बालयेशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत होता व त्यांस प्रश्न करीत होता, असे संत लूक सांगतो. प्रभूने आपल्या बालपणाची जी एकच शाळा आपणास दाखविली, तीत पाठांतराचा उल्लेख नाही. ऐकणे, विचारणे आणि समजणे एवढेच आहे. आणि तेथून तो नाझरेथास आपल्या आईबापांच्या घरी परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहून वाढला. मंदिर, गुरू आणि घर या तिघांच्या सहवासात बालयेशू ज्ञानाने वाढला. आपली मुलेही तशीच वाढावीत.

बंधुभगिनींनो, पुढची जुबिली येईल तेव्हा आज पहिलीत बसणारी मुले या धर्मग्रामाची कर्ती माणसे झालेली असतील. आज आपण जे त्यांच्या ओठांवर ठेवू ते कदाचित राहणार नाही. जे त्यांच्या समजुतीत उतरेल ते राहील, आणि तेच ती आपल्या मुलांस सांगतील. म्हणून आजपासूनच, या सोहळ्याची रोषणाई उतरण्यापूर्वीच, प्रत्येक घराने त्या दहा मिनिटांचा आरंभ करावा. पवित्र मरिया, जिने आपल्या बाळाचे शब्द अंतःकरणात जपून ठेविले, ती आपल्या मातांस ऐकण्याची शक्ती देवो. संत फ्रान्सिस द साल आपल्या शिक्षकांस सौम्यता देवोत. आणि प्रभू येशू ख्रिस्त, जो सर्व मुलांचा खरा गुरू, तो या तेल्हाऱ्याच्या लेकरांना शहाणपणाने व कृपेने वाढवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.